खाडीकाठचे उपक्रम: आधी वही, रोप सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या काठी, तीस-पस्तीस जणांचा गट जमतोय. महिन्यातून एक रविवार निसर्गफेरी, अधूनमधून प्लास्टिकची सफाई, जमलं तर कयाक (वल्ह्याची अरुंद, छोटी होडी), आणि २ फेब्रुवारीला पाणथळ दिनाच्या निमित्ताने खारफुटीची रोपं लावायची, असा बेत आहे. शंका अशी की, यातून पाणथळीचं खरंच काही भलं होईल, की आपल्याच पायांनी तिची नासधूस होईल?

शंका रास्त आहे. दोन्ही होऊ शकतं आणि दोन्ही होताना मी पाहिलंय. वीसेक वर्षं खाडीचा चिखल तुडवल्यावर माझं मत असं झालंय की, अशा गटाच्या हातून होणारं सगळ्यात मोलाचं काम दिसायला सगळ्यात किरकोळ असतं. एकच जागा, भरतीच्या एकाच टप्प्याला, वर्षानुवर्षं पाहत राहायची आणि पाहिलेलं लिहून ठेवायचं. फेरी, सफाई, कयाक हे सगळं त्या वहीभोवती बसवा. रोपांचा बेत मात्र या फेब्रुवारीला तरी बाजूला ठेवा. का, ते पुढे येईलच.

पहिली चूक बहुतेक गट कॅलेंडरपाशीच करतात. ‘दर रविवारी सकाळी सात’ असं ठरतं, आणि खाडीला रविवार कळत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज ती जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. हिशेब करून बघा: या रविवारी सातला पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी सातला जवळजवळ पूर्ण भरती असणार. पहिल्या फेरीत लोकांना अफाट चिखल आणि त्यावर टिपणारे शेकडो पक्षी दिसतात; दुसऱ्या फेरीत तेच लोक नुसतं पाणी बघून परततात आणि तिसऱ्या फेरीला येत नाहीत. पंधरवड्याने मात्र साधारण तीच वेळ पुन्हा जुळते, पाऊण तासाचा फरक पडतो तेवढाच. म्हणून वर्षभराच्या तारखा काढायच्या त्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून, सुट्टी नंतर बघायची.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा जुना हिशेब पुष्कळांना तोंडपाठ असतो. तो चांगला आहे, पण ज्या किनाऱ्यावर तो बसलाय तिथलाच आहे. प्रत्येक बंदराचा चंद्राशी असलेला हिशेब वेगळा असतो, आणि जगात असेही किनारे आहेत जिथे दिवसातून एकदाच भरती येते. त्यातून कोष्टकातली वेळ असते बंदराची. तुम्ही खाडीत आत, नदीच्या दिशेने जितके वर असाल तितकी भरती उशिरा पोचते; आणि आत पाणी चढतं झरझर, उतरतं मात्र रेंगाळत. हा फरक किती, ते कुठल्याच छापील कागदावर मिळणार नाही. एक दिवस काढा. दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारलेला एक बांबू सुरक्षित ठिकाणी रोवा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठल्या पट्ट्यावर आहे ते मुलांना लिहायला सांगा. सहा-सात तासांनी कागदावर जी वक्ररेषा उमटते, ती तुमच्या जागेची स्वतःची. माझ्या मते कुठल्याही गटाचा पहिला उपक्रम हाच असावा. एका दिवसात लोकांना कळतं की, आपण बघतोय ती जागा दिवसातून दोनदा मैदान होते आणि दोनदा तळं.

उधाण आणि भांग यांचाही विचार हवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ते मधल्या मध्येच घुटमळतं, तो भांग. चिखलातले जीव बघायचे असतील तर उधाणाची ओहोटी, कारण एरवी पाण्याखाली राहणारा खालचा पट्टाही तेव्हा उघडा पडतो. पक्षी मोजायचे तर चढत्या भरतीला, पूर्ण भरतीच्या आधी दोनेक तास काठावर जाऊन बसा. ओहोटीला ते किलोमीटरभर लांब, उन्हाच्या झळांमध्ये ठिपके होऊन विखुरलेले असतात. पाणी चढू लागलं की तेच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. तुम्ही हलायचं नाही, एवढं पथ्य पाळलंत की काम झालं.

आता चिखलाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण खाडीच्या संवर्धनात सगळ्यात मोठी अडचण हीच की चिखल कुणाला आवडत नाही. लोकांना तो घाण वाटतो, वाया गेलेली जमीन वाटते. फेरीच्या वेळी मी एक साधी गोष्ट करते. काठाजवळच्या टणक जागी खुरपीने वीतभर खोल काप घेते आणि तो सगळ्यांसमोर आडवा ठेवते. वरचा थर तपकिरी, जेमतेम बोटभर जाडीचा. त्याखाली एकदम काळं. नाक जवळ नेलं की कुजक्या अंड्याचा वास. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बघा, गटाराचं पाणी सोडतात!’ कधीकधी तसंही असतं, पण हा वास त्याचा पुरावा नव्हे. चिखलाचे कण इतके बारीक असतात की हवा खाली जातच नाही. तिथले जिवाणू प्राणवायूशिवाय जगतात, समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. काळा रंग येतो तो लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा. निरोगी खाडीलाही हा वास असतोच.

मग त्याच कापात खेकड्याचं बीळ शोधायचं. बिळाच्या भिंतीला काळ्या थरातही तपकिरी अस्तर दिसतं, कारण खेकडा आणि त्याच्या मागोमाग आत जाणारं पाणी हवा खाली नेतात. एक मुलगी हे बघून म्हणाली होती, ‘म्हणजे हा चिखलाचं नाक आहे.’ त्या दिवशी मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

हा चिखल येतो कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. नदी आणते ती माती इतकी बारीक असते की गोड्या पाण्यात ती खाली बसतच नाही. कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असल्याने ते एकमेकांना लांब ठेवतात. खारं पाणी मिसळलं की तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि तळाला बसतात. काचेच्या दोन बरण्यांत नदीचं गढूळ पाणी घ्या, एकीत मूठभर मीठ टाका आणि तासाभराने दोन्हींकडे बघा. आख्खी खाडी बरणीत दिसते. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. या दोन टोकांच्या मधलं सगळं खाडीत एकाच दिवसात येऊन जातं. तिथे टिकून राहणारे जीव जातींनी थोडे पण संख्येने अफाट असतात ते याचमुळे.

ओहोटीला चिखलावर कधी सोनेरी-तपकिरी झाक दिसते. ती सूक्ष्म शैवालांची, डायॅटमची साय असते. पाणी उतरलं की हे जीव उन्हासाठी वर सरकतात, भरती यायच्या आत पुन्हा खाली जातात. गोगलगायी, खेकडे, काही मासे यावरच चरतात. तुतारीच्या कुळातले काही छोटे पक्षी ही साय चक्क चाटून खातात. आपण तिच्यावरून पन्नास जोडी बूट नेले, की त्या पट्ट्यातलं त्या दिवसाचं जेवण उठलं. म्हणून माझा नियम असा: चिखलात उतरायचं तर एकाच वाटेने, एका रांगेत, दर वेळी त्याच वाटेने. जो पट्टा खराब व्हायचा तो एकच होऊ दे.

पक्ष्यांच्या बाबतीत लोकांना वाटतं, उडून गेले तर काय बिघडलं, परत येतील. बिघडतं ते असं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॉडविट या चिखलपक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोचलं. त्याच्या पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून आपल्याला हे कळलं. अशा प्रवासाआधी हे पक्षी चिखलावर अधाशासारखे खातात, वजन जवळजवळ दुप्पट करतात. त्यांना खायला मिळतं ते ओहोटीच्या काही तासांतच. त्यात तुम्ही दोनदा उडवलंत, तर खाण्याचा वेळ गेला आणि साठवलेली चरबीही जळली. भरतीला ते एखाद्या उंचवट्यावर खांद्याला खांदा लावून विश्रांती घेतात. तिथून उठवणं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा जायला दुसरी जागाच नसते.

किती अंतर ठेवायचं, असं सगळे विचारतात. शंभर-दीडशे मीटर हा सुरुवातीचा अंदाज ठीक आहे, पण खरं माप पक्ष्यांच्या माना सांगतात. खाली माना घालून टिपत असतील तर तुम्ही लांब आहात. थव्यातल्या माना एकेक वर होऊ लागल्या, खाणं थांबलं, पक्षी चालत बाजूला सरकू लागले की तुम्ही आधीच जास्त पुढे आला आहात. उडण्याची वाट बघू नका, मागे या. मोठे पक्षी लहानांपेक्षा लवकर बिथरतात आणि ते उडाले की सगळा थवा उडतो. मोकळे कुत्रे आणि ड्रोन यांना माझ्या फेरीत जागा नाही, त्यावर चर्चाही नाही. छान फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला मी एकदाच सांगते.

कयाकचंही इथेच सांगून टाकते. कयाक आवाज करत नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण जिथे होडी पोचत नाही त्या उथळ खाचेत ती नेमकी शिरते आणि वळणावर अचानक पक्ष्यांच्या पुढ्यात उगवते. मुख्य प्रवाहात राहा, भरतीच्या विश्रांतीच्या जागा नकाशावर खुणा करून वर्ज्य ठेवा. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी कयाक, वल्ही, बूट तपासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. परके गवत आणि शिंपले याच वाटेने पसरतात.

आता वहीकडे येते. मोजणीला लोक हौशी काम समजतात, म्हणून एक उदाहरण देते. दक्षिण कोरियात सेमानगुम इथे दोन नद्यांच्या मुखावर ३३ किलोमीटरचा बांध घालून २००६ मध्ये तो बंद केला गेला. ग्रेट नॉट नावाच्या चिखलपक्ष्याचा प्रवासातला तो मोठा थांबा होता. बांधाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की, पक्षी शेजारच्या खाड्यांत जातील. मोजणाऱ्यांनी बांध बंद झाल्यावरही सेमानगुम आणि शेजारच्या खाड्या मोजणं चालू ठेवलं. दोन वर्षांत सेमानगुममधले सुमारे ९०,००० पक्षी कमी झाले, शेजारी तेवढे वाढले नाहीत, आणि तिकडे ऑस्ट्रेलियात, जिथे हे पक्षी एरवी मुक्काम करतात, तिथल्या मोजणीतही घट आली. ‘जातील कुठेतरी’ याला आकड्यांनी दिलेलं ते उत्तर होतं. बांध त्याने हटला नाही, पण पुढे त्या भागातल्या समुद्रकाठी उरलेल्या चिखलाबद्दल बोलताना लोकांच्या हातात काहीतरी होतं.

आकड्यांना औपचारिक वजनही आहे. १९७१ मध्ये २ फेब्रुवारीला इराणमधल्या रामसर गावी पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पाणथळ दिन त्याचाच. एखादी जागा त्या यादीत जायची तर जे निकष आहेत, त्यांतले दोन निव्वळ मोजणीचे: नियमितपणे २०,००० किंवा जास्त पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी तिथे असणं. ‘नियमितपणे’ या शब्दासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात, आणि त्या एका दिवसाच्या पाहणीने तयार होत नाहीत. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत १९८७ पासून स्वयंसेवकच मोजतायत. तुमची जागा त्यात जोडून घ्या.

मोजायचं कसं? सुरुवातीला सगळ्या जाती ओळखण्याच्या फंदात पडू नका. ठळक दिसणाऱ्या, चुकायला जागा नाही अशा पाच-सहा जाती ठरवा. बसायची जागा पक्की करा, डावीकडची सीमा आणि उजवीकडची सीमा ठरवा, एखादं झाड, एखादा खांब. थव्यात आधी दहा पक्षी मोजा, दहा म्हणजे केवढी जागा ते डोळ्यात बसवा आणि त्या मापाने पुढे सरका. दोघांनी स्वतंत्र मोजून मग आकडे ताडायचे. पहिल्या महिन्यात एकाचे तीनशे आणि दुसऱ्याचे सातशे आले तरी खचू नका, माझेही आले होते. आणि काहीच दिसलं नाही तर ‘०’ लिहा. रिकामी ओळ आणि शून्य यांतला फरक पाच वर्षांनी कळतो. त्याबरोबर तारीख, वेळ, भरतीचा टप्पा, वारा, आणि त्या वेळी तिथे चिखलात किती माणसं, कुत्री, होड्या होत्या. हा शेवटचा रकाना बरेच जण गाळतात आणि नेमका तोच पुढे भांडायला उपयोगी पडतो.

ज्यांना पक्ष्यांत रस नाही त्यांना फोटोचं काम द्या. एक खांब ठरवायचा, त्यावर फोन टेकवायचा, दर महिन्याला त्याच चौकटीतून त्याच दिशेला एक फोटो. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये अशीच एक योजना सुरू झाली. किनाऱ्यावर फोनसाठी कायमची खोबणी बसवली. येणारा-जाणारा तिथे फोन ठेवून फोटो काढतो आणि पाठवतो. त्यातून किनारा किती सरकला ते मोजता येतं. खाडीत याच युक्तीने खारफुटीची कड, खारगवताची कुरणं, प्रवाहाचं वळण यांचा हिशेब राहतो.

लोकांचा उपक्रम आणि शास्त्रीय नोंद एकत्र कशी नांदते, याचा माझा आवडता नमुना म्हणजे अमेरिकेतला डेलावेअर उपसागर. तिथे मे-जूनच्या अमावस्या-पौर्णिमांना, रात्रीच्या भरतीला घोड्याच्या नालेच्या आकाराचे खेकडे (खरं तर ते कोळ्यांचे नातलग) हजारोंनी किनाऱ्यावर अंडी घालायला येतात आणि त्या अंड्यांवर रेड नॉट पक्षी आर्क्टिकच्या प्रवासासाठी वजन वाढवतात. १९९० पासून तिथले रहिवासी बॅटरी घेऊन, एक मीटरच्या चौकटी टाकत ते खेकडे मोजतात. जाता जाता लाटेने उताणा पडलेला खेकडा दिसला की कडेने धरून सुलटा करतात, शेपटीने नव्हे. आजी-नातवंडं एकत्र येतात, रात्रीची मजा होते, आणि त्याच आकड्यांचा विचार खेकडे पकडण्याची मर्यादा ठरवताना होतो.

सफाईबद्दल माझी भूमिका जरा तिरकस आहे. सफाई करा, जरूर करा, पण पोती मोजून टाळ्या वाजवू नका. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर २,८०० लोकांनी १२४ टन कचरा उचलला. आजच्या आंतरराष्ट्रीय किनारा-सफाईची सुरुवात ती. त्यात वेगळेपण कचऱ्याच्या वजनात नव्हतं. प्रत्येक वस्तू काय आहे, ते त्यांनी कार्डावर लिहून घेतलं होतं. नुसतं ‘प्लास्टिक’ म्हटलं की दोषी कुणीच नसतो. ‘दोरीचे तुकडे इतके, पाकिटं इतकी, औषधांच्या बाटल्या इतक्या’ असं म्हटलं की कुठल्या नाल्याच्या तोंडाशी जाळी हवी ते कळतं. खाडीत तर नदीने वरून आणलेला कचरा असतो. काठ कितीही उचला, पुढच्या पुराला तो पुन्हा हजर.

सफाईत होणारं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय. भरतीच्या रेषेवर वाळलेल्या पानांची, गवताची, लाकडांची जी झालर पडते तिला लोक कचरा समजून भरून नेतात. खरं तर तिच्यात बारीक किडे आणि उड्या मारणारे झिंग्यांचे भाऊबंद राहतात, पक्षी त्यांच्यावर जगतात. तिच्यातलं प्लास्टिक बोटांनी वेचायचं, झालर तिथेच ठेवायची. खारफुटीत तर पाऊल ठेवायलाच जागा नसते. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोकं म्हणजे झाडाची श्वास घेणारी मुळं. ती मोडत मोडत आत शिरून दोन पिशव्या काढण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी फक्त कडेने काम करा किंवा होडीतून. आणि चिखलात गाडलं गेलेलं जाळं दिसलं तर चारचौघांनी मिळून ओढू नका. ते येतं तेव्हा सोबत रोपं, शिंपले आणि पायाखालची घट्ट झालेली जमीन घेऊन येतं. वर दिसतंय तेवढं कापायचं, खालचं राहू द्यायचं.

आता रोपं. माझ्या पहिल्या वर्षांत आम्हीही लावली होती, शेकडो, फोटोही झाले. जागा निवडली ती सोयीची: ओहोटीला उघडी पडणारी, मोकळी, मालकी हक्काचं भांडण नसलेली. तिथे खारफुटी का नाही, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. तीन महिन्यांत रोपांच्या खोडांवर बार्नेकल (कशालाही घट्ट चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) बसले, त्यांच्या ओझ्याने ती वाकली, आणि उधाणात बहुतेक वाहून गेली. जागा जरुरीपेक्षा खोल होती. खारफुटी उगवते ती सरासरी पाणीपातळीच्या वरच्या उतारावर, जिथे वर्षातल्या एकूण वेळापैकी साधारण ३० टक्के किंवा कमीच वेळ पाणी असतं. त्याच्या खालचं जे मोकळं दिसतं ते मोकळं नसतं, ती पक्ष्यांची आणि शिंपल्यांची जमीन असते. आमची रोपं जगली असती तर तो तोटाच झाला असता.

ही एकट्या आमची गोष्ट नव्हे. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत ठिकठिकाणी खारफुटी लावली गेली. पुढे २३ जागांची पाहणी झाली तेव्हा ९ जागांवर एकही रोप उरलं नव्हतं, निम्म्याहून जास्त रोपं जगली होती ती फक्त ३ जागांवर. कारणं तीच: चुकीची पातळी, चुकीची जात, लावल्यावर कुणी परत न फिरकणं.

याउलट फ्लोरिडात खारफुटी पुन्हा उभी करण्याचं काम करणारे शास्त्रज्ञ रॉबिन लुइस यांनी जन्मभर एकच गोष्ट सांगितली: आधी पाण्याची वाट मोकळी करा. बांध, रस्ता, भराव यांनी भरतीचं पाणी अडलं असेल तर ते खोला, जमिनीची पातळी जुळवा. आसपास खारफुटी असेल तर बिया पाण्याबरोबर स्वतःच येतात. थंड प्रदेशात खारफुटी नसते, खारगवत असतं, पण नियम तोच. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ स्टीअर्ट इथे आतल्या बाजूला नवा बांध घालून २०१४ मध्ये समुद्राकडचा जुना बांध मुद्दाम फोडला. भरती आत आली, गाळ आला, मागोमाग खारगवत आणि पक्षी. एवढं मोठं काम तुमच्या गटाला झेपणार नाही, पण रस्त्याखालचा एखादा तुंबलेला मोरीचा पाइप शोधणं झेपेल. दोन्ही बाजूंच्या पाण्याची उंची भरतीला मोजा. बाहेर बांबूवर दीड मीटर आणि आत वीतभर, असं दिसलं तर तो कागद घेऊन जबाबदार खात्याकडे जा. एक मोरी साफ झाली तर हजार रोपांचं काम होतं, फक्त तिच्यासोबत कुणी फोटो काढत नाही.

रोपं लावायचा आग्रह असलेले सभासद असतीलच. त्यांना वर्षभर बी कुठे अडकतं, कुठे रुजतं, कुठे मरतं, ते चौकटी टाकून नोंदवायला सांगा. वर्षाने त्यांनाच कळेल लावायची की नाही.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हे वगळून फेरी काढू नका. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडमधल्या मोरेकम उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ मजूर भरतीत बुडाले. सपाट चिखलावर पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. ते आधी खाचांतून आत शिरतं आणि तुमच्या मागे भरतं. समोर अजून कोरडं दिसत असतं तेव्हा परतीची वाट बंद झालेली असते. म्हणून ओहोटीचा तळ गाठण्याच्या आत उतरायचं आणि पाणी वळलं की बाहेर, एक शेवटचा फोटोही नाही. एक माणूस काठावर घड्याळ आणि शिट्टी घेऊन उभा, त्याने फेरीत यायचंच नाही. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका, पायाखाली पोकळी तयार होऊन चिखल आणखी धरतो. मागे रेलून बसा किंवा आडवे व्हा, वजन पसरू द्या, पाय हळूहळू हलवत पाणी आत जाऊ द्या, मग एकेक काढा. हे काठावर एकदा खरोखर करून बघा, हसत हसत शिकतात लोक. अंगावर उघडी जखम असेल तर उबदार मचूळ पाण्यात उतरू नका, त्यातले काही जिवाणू फार वाईट.

एक शेवटचं, आणि मला वाटतं तुमच्या बेतात हेच राहून गेलंय. त्या चिखलावर तुमच्या आधीपासून कुणीतरी रोज येतं: मासे धरणारे, शिंपले वेचणारे. पहिली फेरी काढण्याआधी त्यांच्याकडे जा, ‘जनजागृती’ करायला नव्हे, विचारायला. पूर्वी कुठला मासा कुठपर्यंत वर यायचा, कुठली खाच कधी बुजली, कुठे चिखल माणूस गिळतो, हे त्यांना ठाऊक असतं आणि तुमच्या कुठल्याच यंत्राला नसतं. मी वहीत त्यांच्यासाठी वेगळी पानं ठेवते, सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून. आणि सफाईच्या यादीत जाळ्यांचे तुकडे जास्त निघाले तर ती यादी आधी त्यांना दाखवायची, बाकी जगाला नंतर. मी एकदा उलटं केलं होतं. दोन वर्षं त्या काठावर मला कुणी बसा म्हटलं नाही.

तेव्हा पहिल्या वर्षासाठी एवढंच धरा: बांबूचा दिवस, मग पंधरवड्याआड एक फेरी, आलटून पालटून चिखल आणि पक्षी, तीन महिन्यांतून एकदा कार्डासह सफाई. तीस जणांना एकदम चिखलात नेऊ नका, दहा-बारा पुरे, बाकीचे काठावर मोजायला. जागा निवडलीत की तिथला एक भरतीचा आणि एक ओहोटीचा फोटो, शिवाय जवळच्या बंदराचं कोष्टक पाठवा. पहिल्या सहा फेऱ्यांच्या वेळा मी लावून देते.